गुळाचं आधण आणि वहीतले दोन रकाने

विज्ञानाच्या वहीत दरवर्षी एक तक्ता असतोच. मधोमध उभी रेघ, डावीकडे भौतिक बदल, उजवीकडे रासायनिक बदल, आणि वर दिलेली यादी त्या दोन रकान्यांत वाटून टाकायची. बर्फ वितळणं डावीकडे, कागद जळणं उजवीकडे, मेण वितळणं डावीकडे, लोखंड गंजणं उजवीकडे. मुलं हा तक्ता पाच मिनिटांत भरतात आणि बरोबर भरतात, कारण यादी तीच असते, मोठ्या बहिणीच्या वहीतही तीच होती. मी ज्या मुलांना शिकवते त्यांना मी यादीत नसलेलं एक वाक्य फळ्यावर लिहून देते, उसाच्या रसाचा गूळ होणे, आणि मग काही न बोलता बसून राहते.

वर्गाचे सरळ दोन तट पडतात. एक तट म्हणतो, मॅडम, फक्त पाणी आटलं, गोडी तीच आहे, म्हणजे भौतिक. दुसरा म्हणतो, रंग बदलला, वास बदलला, चव बदलली आणि गुळाचा काही परत रस होत नाही, म्हणजे रासायनिक. दोघांच्या हातात पुस्तकातलाच नियम असतो, जो बदल उलटा फिरवता येतो तो भौतिक आणि जो येत नाही तो रासायनिक, आणि त्याच एका नियमाने दोघं दोन टोकांना जाऊन पोचतात. मला हे भांडण फार आवडतं. कारण त्यात मुलं पहिल्यांदा उत्तर सोडून वस्तूबद्दल बोलायला लागतात.

गूळच का, तर माझं आजोळ पन्हाळा तालुक्यातलं. दिवाळी झाली की तिकडं गुऱ्हाळं पेटतात ती फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालू राहतात, रात्रीच्या एसटीत झोप लागलेली असली तरी खिडकीतून तो वास आला की कळायचं, आलं गाव. मामांचं स्वतःचं गुऱ्हाळ नव्हतं पण ऊस होता, आणि आपल्या उसाचं आधण, म्हणजे शिजायला घेतलेली रसाची एक खेप, लागलं की घरातलं कुणीतरी तिथं बसायचंच, मग रात्र असो की पहाट. कोल्हापूरच्या गुळाचं नाव काही आजचं नाही, शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली तीच मुळात गुळाच्या व्यापाराला जागा हवी म्हणून. पण व्यापार राहू दे, मला बोलायचंय ते काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईत, काय होतं त्याबद्दल.

आधी वजन बघू. 100 किलो ऊस घाण्यातून काढला की साधारण 60 किलोच्या आसपास रस निघतो, बाकीचं चिपाड. आणि एवढ्या रसाचा गूळ होतो 10 ते 12 किलो. म्हणजे पन्नासेक किलो माल काहिलीतून उठून गेला. गेला तो वर, वाफ होऊन, कारण उसाच्या रसात पाचातले चार भाग पाणीच असतं. एक किलो गुळामागे चार-साडेचार लिटर पाणी हवेत सोडावं लागतं, आणि गुऱ्हाळावरचं निम्म्याहून जास्त कष्टाचं काम हे एवढंच असतं, पाणी घालवणं.

हे पाणी सहजासहजी जात नाही. काहील चुलवाणावर चढली की सुरुवातीला रस भराभर तापतो. आणि मग शंभरच्या आसपास येऊन अडकतो (कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे तिथं साधं पाणी 98 अंशांनाच उकळतं, रसात साखर असल्यामुळे तो जरा वर जातो). जाळ घालणारा गडी चिपाड कोंबतच असतो, जाळ काहिलीच्या बुडाला लागलेला असतो, आणि कितीतरी वेळ रसाचं तापमान जवळजवळ हलत नाही. लहानपणी मला हे फार विचित्र वाटायचं, एवढा जाळ जातो कुठे? एक किलो पाणी 25 अंशांवरून 100 अंशांपर्यंत न्यायला साधारण 315 किलोज्यूल उष्णता लागते. आणि तेच 100 अंशांचं पाणी 100 अंशांचीच वाफ करायला लागते साधारण 2260. सातपट! आणि एवढं देऊनही थर्मामीटरवर एक अंशसुद्धा दिसत नाही. ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅक नावाचा प्राध्यापक 1760 च्या दशकाच्या सुरुवातीला नेमकं याच गोष्टीच्या मागे लागला होता, की उकळत्या पाण्याला आपण उष्णता देतोय देतोय आणि ते तेवढंच गरम राहतंय, मग दिलेली उष्णता दडते कुठे. आपल्या पुस्तकात तिला अप्रकट उष्मा म्हणतात. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात, ती पकड सोडवून एकेक रेणू मोकळा करायला ती सगळी उष्णता खर्ची पडते.

रेणू मोकळा झाला, पण मोडला नाही. काहिलीत होता तेव्हा एचटूओ, वर गेला तेव्हाही एचटूओ. इथे वर्गातला पहिला तट बरोबर आहे, हा बदल भौतिक. आणि तरीही तो उलटा फिरवायला कुणी जाणार नाही, ते पाणी आता पन्हाळ्याच्या डोंगरावरून कुठल्या कुठे गेलेलं असतं. फिरवता येतो की नाही हा नियम असा पहिल्याच पायरीवर लटपटायला लागतो.

अजून एक गोष्ट इथेच सांगून टाकते. काहिलीवर जो पांढरा ढग दिसतो त्याला आपण सगळे वाफ म्हणतो, पण पाण्याची खरी वाफ दिसतच नाही, ती वायू आहे आणि हवेसारखी पारदर्शक आहे. पांढरं दिसतं ते थंड हवेला लागून परत पाणी झालेले बारीक थेंब. घरी बघायचं असेल तर कुकरच्या शिट्टीकडे लांबून नीट बघा, तोंडापासून थोड्या अंतरापर्यंत काहीच दिसत नाही आणि मग एकदम पांढरा झोत सुरू होतो. त्या मोकळ्या दिसणाऱ्या जागेतच वायू असतो (तिथे बोट घालू नका, सगळ्यात जास्त तिथेच भाजतं, कारण वाफेचं परत पाणी होताना ती 2260 वाली सगळी उष्णता आपल्या कातडीला देऊन जाते).

आता रसाकडे. घाण्यातून येणारा रस म्हणजे नुसतं साखरपाणी नाही, त्यात प्रथिनं असतात, डिंकासारखे पदार्थ असतात, मेण, माती, सेंद्रिय आम्लं, आणि हवा लागली की रस काळपट करणारी विकरं (एन्झाइम). रस तापायला लागला की प्रथिनं गोठतात. प्रथिनाचा लांब रेणू घडी घालून ठेवलेला असतो, उष्णतेने त्याची घडी उलगडते आणि असे उलगडलेले रेणू एकमेकांत अडकून गुठळ्या होतात. त्यात गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, जंगली भेंडीची खोडं ठेचून पाण्यात चोळून निघालेला बुळबुळीत रस ओततो. हा चिकट पदार्थ रसात तरंगणारे बारीक बारीक कण, जे एरवी कधी खालीही बसले नसते आणि वरही आले नसते, त्यांना पकडून एकत्र करतो, आणि सगळं मिळून वर येतं ती मळी. ती झाऱ्याने काढून टाकायची. मळी काढल्यावर रस एकदम निवळशंख होतो, मगाशी हिरवट राखाडी गढूळ होता तो हाच का असं वाटावं इतका.

मग चुना. ताज्या रसाचा सामू (pH) सव्वापाच-साडेपाचच्या आसपास असतो, म्हणजे रस बऱ्यापैकी आम्लधर्मी. चुन्याची निवळी टाकली की आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात, क्षार तयार होतात, सामू सहाच्या वर येतो. हा बदल शंभर टक्के रासायनिक. किती टाकायचा ते गुळव्या रसाच्या रंगावरून ठरवतो, जास्त झाला तर गूळ काळा पडतो आणि कमी झाला तर नीट धरत नाही, वेळेला घट्टच होत नाही.

या चुन्याचीच गोष्ट घ्या ना. चुनखडी भट्टीत साधारण नऊशे अंशांना भाजली की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, राहते कळी. कळीवर पाणी ओतलं की ती फसफसून तापते, इतकी की पाणी उकळतं, आणि होतो विरलेला चुना. तोच चुना भिंतीला लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि होते, परत चुनखडी! तीन रासायनिक बदल, एकामागून एक, आणि शेवटी आपण निघालो तिथेच परत. रासायनिक बदल उलटत नाही म्हणे. आपले गडकिल्ले ज्या चुन्याने बांधले तो चुना हे पूर्ण चक्र फिरून आलाय.

म्हणून मी तो नियम मुलांना शिकवणं सोडून दिलं. परीक्षेपुरता सांगते, लिहा म्हणते, पण त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न लिहायला लावते: आतला रेणू तोच राहिला, की नवीन तयार झाला? एवढंच विचारायचं. रंग, वास, बुडबुडे, उष्णता, या सगळ्या खुणा आहेत, आणि खुणा कधी कधी चुकवतात. दूध उतू जाताना फुगतं तेव्हा डोळ्यांना केवढा बदल दिसतो, रेणूंच्या पातळीवर त्या क्षणी फारसं काहीच घडत नसतं. उलट काहिलीतला रस एका जागी शांत उकळत असतो आणि आत साखर मोडत असते.

साखर मोडत असते म्हणजे काय ते सांगते. उसातली साखर म्हणजे सुक्रोज, तिच्या एका रेणूत 12 कार्बन, 22 हायड्रोजन, 11 ऑक्सिजन. हा रेणू खरं तर दोन छोट्या साखरा एकमेकींना जोडून झालेला आहे, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. आम्ल असेल आणि उष्णता असेल तर त्या जोडावर पाण्याचा एक रेणू येऊन बसतो आणि जोड सुटतो. 342 ग्रॅम साखर आणि 18 ग्रॅम पाणी, मिळून 180 ग्रॅम ग्लुकोज आणि 180 ग्रॅम फ्रुक्टोज, ना एक ग्रॅम कमी ना एक जास्त. ऊस तोडून दोन-चार दिवस फडातच पडला तर हे काम काहिलीत जायच्या आधीच सुरू होतं, उसातलीच विकरं ते करतात, म्हणून तर मामा तोड झाली की गाडीसाठी जिवाचं रान करायचे. त्यांना सुक्रोज-बिक्रोज काही सांगायचं नसायचं, ते म्हणायचे शिळ्या उसाचा गूळ धरत नाही. आणि चुना घालून आम्ल मारायचं तेही मुख्यतः याचसाठी, ही मोडतोड थांबावी म्हणून.

जिभेला काही कळत नाही. सुक्रोज गोड, ग्लुकोज गोड, फ्रुक्टोज तर साखरेपेक्षा जास्त गोड. "गोडी तीच आहे म्हणून भौतिक" म्हणणाऱ्या तटाला इथे जरा थांबावं लागतं.

मग येतो शेवटचा अर्धा तास, ज्याच्यासाठी लोक मुद्दाम जागे राहतात. पाणी कमी होत जातं, साखर दाट होत जाते आणि उकळबिंदू जो इतका वेळ शंभरच्या आसपास अडकून बसलेला असतो तो हलायला लागतो. साखरेचे रेणू पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात, वाटेत गर्दी करतात, त्यामुळे पाण्याला सुटायला जास्त तापमान लागतं. 104-106 च्या आसपास उतरवलं तर काकवी. घट्ट गूळ हवा असेल तर 116 ते 118 पर्यंत न्यायचं. कुकरमध्ये पाणी 120 अंशांच्या जवळ जातं ते दाबामुळे, इथे झाकण नाही दाब नाही, उघड्या काहिलीत नुसत्या साखरेच्या जोरावर रस तिथपर्यंत पोचतो. मला हे आजही विलक्षण वाटतं.

आमच्याकडे ज्या गुऱ्हाळावर ऊस जायचा तिथल्या गुळव्याला सगळे तात्या म्हणायचे. तात्यांकडे थर्मामीटर नव्हता. ते काहिलीच्या कडेला उभे राहून बुडबुड्यांकडे बघत असायचे. सुरुवातीचे बुडबुडे हलके, पांढरे, फेसाचे, उतू जातंय असं वाटलं की तेलाचे चार थेंब टाकायचे की फेस बसतो, तेल पृष्ठभागावर पसरून त्या बुडबुड्यांची पातळ कातडी टिकूच देत नाही. शेवटचे बुडबुडे वेगळे, मोठे, पिवळे-तांबूस, आळसावलेले, फुटताना थप्प थप्प वाजणारे. मी मध्येच विचारलं होतं झालं का म्हणून, तर म्हणाले, "पाणी गेलं की बुडबुडा जड होतोय बाई. हलका हाय तवर इचारायचं न्हाई."

आणि जड झाला की ते थंड पाण्याचं भांडं जवळ घ्यायचे. फावड्यावर आलेला पाक थोडासा त्या पाण्यात सोडायचा, दोन बोटांनी पाण्यातच तो गोळा करायचा, वळायचा, चिमटीत दाबून बघायचा. पसरला तर अजून वेळ आहे. गोळी झाली, पण मऊ, तर आता डोळा काढायचा नाही. गोळी घट्ट होऊन भांड्यावर आपटली आणि तिचा आवाज आला, की तात्या हात वर करायचे आणि एकदम सगळ्यांची धावपळ. जाळ बंद, काहील उचला, वाफ्यात (पाक थंड करायच्या उथळ जागेत) ओता. इथे दोन-चार मिनिटं इकडची तिकडे झाली तरी आधण हातचं जाऊ शकतं. त्या गोळीत ते मोजत होते ते पाण्याचं शेवटचं उरलेलं प्रमाण, आणि प्रयोगशाळेत आपण जे उकळबिंदूवरून काढतो तेच ते बोटांच्या चिमटीवरून काढत होते, तेवढ्याच खात्रीने. हे ज्ञान आहे, पूर्ण अर्थाने ज्ञान आहे, आणि कोल्हापूरच्या ऊस व गूळ संशोधन केंद्रातले तापमानाचे आकडे आणि तात्यांची चिमटी एकमेकांना दुजोरा देतात, विरोध कुठेच नाही.

वाफ्यात ओतलेला पाक फावड्यांनी ढवळत राहतात, आणि बघता बघता त्याची चकाकी जाते, तो फिका पडतो, जड होतो, फावडं ओढायला दोन हात लागायला लागतात. हे काय चाललंय? साखर एवढी दाट झालेली आहे की उरलेल्या पाण्यात ती मावत नाही, थंड होताना तर आणखीच मावत नाही, मग रेणू एकाशेजारी एक ओळीने बसायला लागतात आणि स्फटिक होतात. ढवळल्यामुळे एकदम लाखो ठिकाणी सुरुवात होते, म्हणून स्फटिक बारीक राहतात आणि गूळ रवाळ होतो. हा परत भौतिक बदल, साखर तीच, फक्त रांगेत बसली. पण आत जर ग्लुकोज-फ्रुक्टोज जास्त झालेलं असेल तर रांग लागत नाही. एका मापाच्या विटांनी भिंत रचत असताना मध्येच कुणी वेगळ्या आकाराचे दगड हातात देत गेलं तर भिंत जशी उभीच राहणार नाही, तसं होतं. म्हणजे आधी झालेला रासायनिक बदल नंतरच्या भौतिक बदलाला अडवतो. काकवी करताना हेच मुद्दाम करतात, त्यात सायट्रिक आम्ल घालतात, थोडी साखर मोडू देतात, म्हणजे बाटलीत खडे धरत नाहीत.

आणि स्थायू म्हटलं की स्फटिकच असं पण नाही हां. हाच पाक आणखी पुढे नेऊन, पाणी जवळजवळ संपवून, न ढवळता पातळ पसरून पटकन थंड केला तर रेणूंना रांग लावायला वेळच मिळत नाही, ते जिथे होते तिथेच अडकतात. मग जे होतं ते चमकदार, ठिसूळ, कड्कन तुटणारं. विज्ञानाच्या भाषेत ती अक्षरशः काच आहे, साखरेची काच. लोणावळ्याहून आणलेली चिक्की तोडताना दाण्यांच्या मधला जो पारदर्शक भाग दिसतो तो नीट बघा. स्थायू, द्रव, वायू या तीन कप्प्यांच्या तक्त्यात काचेला नीट जागा नाही, आणि मुलांना ते सांगितलं तर त्यांना आनंदच होतो, मी बघितलंय.

रंगाबद्दल. गुळाचा तपकिरी रंग आणि तो वास, जो साखरेला नाही, तो येतो मुख्यतः एका क्रियेतून जिचं वर्णन लुई कामीय मायार या फ्रेंच माणसाने 1912 मध्ये केलं. ग्लुकोज-फ्रुक्टोजसारख्या साखरा आणि अमिनो आम्लं एकत्र तापली की एकामागून एक नवनवीन रेणू तयार होत जातात, शेकडो प्रकारचे, काही रंगाचे, काही वासाचे. भाकरीवरचे तपकिरी डाग, तुपाची बेरी, भाजलेला रवा, सगळीकडे हीच क्रिया. इथे दुसऱ्या तटाचं म्हणणं पूर्ण खरं ठरतं. हे रेणू उसात नव्हते, रसात नव्हते, ते काहिलीत जन्माला आले.

बाजाराला मात्र हा रंग नको असतो, पिवळाधमक गूळ हवा असतो, म्हणून हायड्रोस टाकतात, सोडियम हायड्रोसल्फाइट. ते रंगाच्या रेणूंना क्षपण करून फिकं करतं. रंगाचे रेणू जातात असं नाही, त्यांचं रूप बदलतं आणि ते दिसेनासे होतात. मग गूळ ठेवल्यावर हवेतला ऑक्सिजन त्यांना हळूहळू पूर्वपदावर आणतो आणि काही महिन्यांत तोच पिवळा गूळ परत गडद व्हायला लागतो. रासायनिक बदल, आणि उलटा फिरला, तोही आपोआप, आपल्या फडताळात. शिवाय मागे गंधकाचा अंश राहतो तो वेगळाच. मी तांबूस, थोडा मळकट दिसणारा गूळच घेते आणि ओळखीच्या सगळ्यांना तोच घ्यायला सांगते, त्या रंगात लाज वाटण्यासारखं काही नाही, तो रंग म्हणजे तो गूळ खरोखर शिजल्याची खूण आहे.

काहिलीच्या खाली काय चाललंय ते अजून राहिलं. तिथे चिपाड जळतंय, ज्या उसाचा रस वर उकळतोय तसल्याच उसाचं चिपाड, आधी गाळून वाळवलेलं. ढीगच्या ढीग आत जातो आणि निघते थोडीशी राख. एवढं मोठं काहीतरी कुठे गेलं? बेल्जियमच्या फान हेल्मोंटने एक विलोचं रोप कुंडीत लावलं होतं, 200 पौंड कोरडी माती, 5 पौंडांचं रोप, वरून फक्त पाणी. पाच वर्षांनी झाड 169 पौंडांच्या वर गेलं आणि माती जेमतेम 2 औंसांनी कमी झाली. त्याच्या मृत्यूनंतर 1648 मध्ये हे छापलं गेलं. त्याचा निष्कर्ष होता की झाड पाण्यापासून झालं. आणि लाकूड-कोळसा जळताना जे उडून जातं त्याला गॅस हे नाव दिलं तेही यानेच. म्हणजे उत्तराचे दोन्ही तुकडे याच्याच हातात होते, पण झाडाचं अंग त्या गॅसपासूनही बनतं हे कळायला पुढे शंभरावर वर्षं जावी लागली. ऊस पानांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, मुळांतून पाणी घेतो आणि उन्हाच्या ताकदीवर त्यांची साखर करतो, तंतू करतो. चुलवाणात ते तंतू परत कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन धुराड्यातून बाहेर पडतात, आणि वर्षभर साठवलेलं ऊन काही मिनिटांत जाळ होऊन काहिलीच्या बुडाला लागतं. मूठभर राख राहते ती फक्त मातीतून घेतलेली, त्या 2 औंसांतली.

लाव्हाझिएने वस्तुमान अक्षय्यतेचा नियम मांडला हे सगळ्यांना पाठ असतं. पण तो त्याने नेमका कुठे लिहिला हे फार जणांना माहीत नसतं. 1789 च्या त्याच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात द्राक्षरसाची दारू कशी होते यावरच्या प्रकरणात, साखर, पाणी आणि यीस्ट तोलून घेतलं, आंबल्यावर काय काय निघालं ते तोललं, दोन्ही बाजू समान हव्यातच असं म्हणून तो ते सांगतो. गोड रस आणि तराजू. म्हणून मुलांना मी म्हणते, बदल कुठलाही असू दे, आधी तोलून बघा, काय गेलं, काय आलं, मग रकान्यांकडे वळा.

जून-जुलैत घरी करायला एक सोपी गोष्ट मी देते. ढेपेतून दोन खडे काढायचे, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून लिहून ठेवायचं, एक घट्ट झाकणाच्या डब्यात, एक बशीत उघडा. उघडा खडा पाझरायला लागतो, चिकट होतो, बशीत ओल दिसते आणि मुलांना वाटतं तो विरघळून कमी होतोय. काट्यावर बशीसकट ठेवला की वजन वाढलेलं असतं. फ्रुक्टोजला पाण्याची फार ओढ, ते पावसाळ्याच्या दमट हवेतून पाणी खेचून घेतं, म्हणजे काहिलीवरून ज्याला एवढा जाळ लावून हाकललं तेच पाणी थोडं थोडं परत आलं. सोबत खडा गडदही होत जातो, कारण मायारची क्रिया साध्या तापमानालाही चालू असते, फक्त फार सावकाश. ऑक्टोबरमध्ये ऊन पडलं की तोच खडा गच्चीत ठेवायचा (मुंग्यांसाठी बशीखाली पाणी). दोन-तीन दिवसांनी वजन उतरलेलं दिसतं, रंग मात्र तसाच गडद राहतो.